नोराबाईची पेटी

लढाई सुरू झाली त्या दिवशीही गव्हाला पाणी द्यायचं होतं.

सौदी अरबस्तानातल्या हाइल शहरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर कंपनीचं ते शेत होतं. वाळवंटात खोल खणलेल्या बावीस विहिरी, प्रत्येक विहिरीवर डिझेलचं इंजिन, आणि विहिरीभोवती चाकांवर गोल फिरणारा लांबच लांब पाइप. त्याला सगळे पिवट म्हणत. पिवट फिरे तिथवर हिरवं, एक पाऊल पुढे टाकलं की रेती. रत्नाकर तळवडेकर या बावीस इंजिनांचा मेकॅनिक होता. वय बेचाळीस, सावंतवाडीकडचा, अंगाने किडकिडीत, हाताची बोटं मात्र जाड आणि नखांत कायमचं काळं. बायको चित्रा शेताच्याच दवाखान्यात नर्स होती, म्हणून दोघांना मिळून एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा मिळाला होता. दोन्ही मुलं गावी, चित्राच्या आईजवळ.

एक्क्याण्णवच्या सतरा जानेवारीला पहाटे इराककडे जाणारी विमानं डोक्यावरून गेली. खोलीच्या काचा थरथरल्या. सकाळी रेडिओने सांगितलं ते सगळ्यांना आधीच कळलं होतं. कंपनीने गोऱ्या लोकांना विषारी गॅसपासून वाचवणारे मुखवटे वाटले. बाकीच्यांना सांगितलं, टॉवेल ओला करून तोंडाला बांधा. चित्राने खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या आणि दाराशी ओला टॉवेल ठेवला. तो थंडीने सकाळपर्यंत लाकडासारखा कडक होई.

आठवड्याने, भर दुपारी एक ट्रकवाला ओरडत आला, की रस्त्यावर गॅसचं मिसाइल पडलंय. रत्नाकर सात नंबरच्या विहिरीवर होता. त्याने हातातला पाना टाकला आणि दोन किलोमीटर रेतीतून पळत दवाखाना गाठला. चित्रा तिथे एका मजुराच्या पायाला पट्टी बांधत होती. गॅस नव्हता, मिसाइल नव्हतं, काहीच नव्हतं. पण तेवढ्यात सात नंबरचा पंख्याचा पट्टा तुटला, इंजिन तापून तापून बसलं, त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकलं. नवं हेड येईतो चार दिवस गेले आणि थंडीत त्या गोलातला गहू पिवळा पडला.

शेताचा मॅनेजर डोनल नावाचा आयरिश माणूस होता. साठीच्या घरातला, लाल मानेचा, कमी बोलणारा. इंजिन बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला सगळे रांगेत उभे असताना तो रत्नाकरसमोर येऊन थांबला.

"माझ्याकडे तीस माणसं आहेत," तो म्हणाला, "आणि एक कोंबडी."

इंग्रजी न कळणाऱ्यांना कळणाऱ्यांनी समजावून सांगितलं, की साहेबांच्या भाषेत कोंबडी म्हणजे भित्रा. त्या दिवसापासून रत्नाकरला मागून ‘मुर्गी’ म्हणू लागले. एकदा त्याने हत्यारांची पेटी उघडली तर आत कुणी अंडं ठेवलं होतं. त्याने ते उचलून बाजूच्या दगडावर ठेवलं आणि स्पॅनर काढला. चित्राला यातलं काही सांगितलं नाही. तिला ते दवाखान्यात आधीच कळलं होतं. तिनेही विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कंपनीने ठरवलं, की बायकांना घरी पाठवायचं. नऊ तारखेला, शनिवारी सकाळी जेद्दाला बस जाणार होती, तिथून विमान. चित्राच्या पासपोर्टवर एक्झिटचा, देश सोडायच्या परवानगीचा, शिक्का बसून आला. रत्नाकरच्या नाही. इंजिनं चालवणारा माणूस सोडता येणार नाही, असं ऑफिसने सांगितलं. चित्रा म्हणाली, मग मीही जात नाही. यावर चार दिवस दोघांत धुसफूस चालली. तो मुलांची नावं घेई, ती भांडी जोरात ठेवी. शिक्का मारलेला पासपोर्ट पिठाच्या डब्यावर पडून राहिला.

अशातच एका दुपारी चित्रा दवाखान्यातून येताना टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. उघडलं तर सहा कोनांचं, दोन्ही बाजूंना बटणं असलेलं, मध्ये भाता असलेलं एक वाद्य. ओंजळीत मावेल एवढं.

डोनलची बायको नोरा दवाखान्यात झोपेच्या गोळ्या मागायला आली होती. बोलता बोलता तिने सांगितलं, की शुक्रवारी, जायच्या आदल्या दिवशी, घरी चार माणसं जमवून गाणं-वाजवणं करायचं आहे. पण या पेटीचा एक सूर मेला आणि इथे दुरुस्त करणारं कुणी नाही. तेव्हा चित्राने सांगून टाकलं, की माझे सासरे भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचे, यांनाही थोडं येतं.

"मी त्या माणसाच्या वस्तूला हात लावणार नाही," रत्नाकर म्हणाला.

"वस्तू त्याची नाही. तिची आहे."

"एकच झालं."

"एकच कसं?" चित्रा म्हणाली. "तुमची चूक ती माझी होते का?"

चूक हा शब्द त्याला लागला. तो बाहेर जाऊन उंबऱ्यावर बसला. वारा बोचरा होता. आत चित्रा भाकरी थापत राहिली. थोड्या वेळाने तो आला, हात धुतले, आणि चटईवर बसून बाजूचे स्क्रू काढले. झाकण निघाल्यावर तो बराच वेळ नुसता बघत राहिला. आत पितळेच्या छोट्या चौकटी गोल मांडलेल्या, प्रत्येकीत पोलादाची बारीक पत्ती. बापाच्या पेट्यांत असायच्या तशाच, फक्त लहान. एक पत्ती बुडातून मोडली होती.

नवी पत्ती कशाची करायची हा प्रश्न होता. पत्र्याची चालणार नाही, तिला ताण हवा. त्याने हत्यारांच्या पेटीतून व्हॉल्वची फट मोजायची पट्ट्यांची जुडी काढली. स्प्रिंगच्या पोलादाच्या त्या पट्ट्या, एकेक ठरावीक जाडीची. त्यातली एक मोडली तर जुडी निकामी. त्याने मोडली.

दुसऱ्या दिवशी रत्नाकर कामावरून आल्यावर नोराबाई स्वतः आली. उंच, पांढऱ्या केसांची, स्वेटरच्या बाह्या दुमडलेली. खोलीत एकच खुर्ची, ती तिने नाकारली आणि पलंगाच्या कडेला बसली. रत्नाकर कानशीने पत्ती घाशी, चौकटीत बसवी, नोराबाई बटण दाबून भाता ओढी. पत्तीचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. हे तिलाही ठाऊक होतं. चढला म्हणून ती बोट वर करी, उतरला म्हणून खाली. असं तासभर चाललं. चित्राने चहा दिला, तो दोघांचाही गार झाला. शेवटी तिने बटण दाबलं, शेजारचं दाबलं, पुन्हा तेच दाबलं आणि बोट हललं नाही. तिने डोळे मिटले.

उठताना तिने दोघांनाही शुक्रवारी तीन वाजता यायला सांगितलं. रत्नाकर म्हणाला, बघू. चित्रा म्हणाली, येतो.

शुक्रवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. चित्राने जांभळी साडी नेसली आणि वर कोट घातला. गोऱ्यांच्या बंगल्यांना वेगळं कुंपण होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, काय काम आहे. पाहुणे म्हणून आलोय हे सांगायला रत्नाकरची जीभ वळेना. तो म्हणाला, पंप. पहारेकऱ्याने सोडलं. चित्राने त्याच्याकडे पाहिलं.

दार डोनलने उघडलं. रत्नाकरला पाहून त्याचा चेहरा पडला.

"कितवा पंप गेला?"

"एकही नाही, सर," रत्नाकर म्हणाला. तेवढ्यात मागून नोराबाई आली आणि नवऱ्याला म्हणाली, की सूर ज्याने जिवंत केला तो हाच, मी बोलावलंय. डोनल बाजूला झाला. तिने त्याला दुरुस्ती कुणी केली हे सांगितलं नव्हतं, हे रत्नाकरला तेव्हा कळलं.

खोलीत नऊ-दहा माणसं होती. खिडक्यांवर इथेही चिकटपट्ट्यांच्या फुल्या. गुरांचा डॉक्टर होता, त्याच्या हातात पत्र्याची बासरी. हाइलच्या इस्पितळातल्या दोन आयरिश नर्सेस होत्या. एका पोऱ्याएवढ्या दिसणाऱ्या इंजिनिअरच्या मांडीवर डफासारखं चामड्याचं वाद्य होतं. डोनलने हनुवटीखाली फिडल, म्हणजे व्हायोलिनच, धरलं होतं. मंच नाही, माइक नाही. सगळे आपापल्या घरच्या खुर्च्यांत बसल्यासारखे गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. रत्नाकर आणि चित्रा स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या दोन स्टुलांवर टेकले.

कुणी काही जाहीर केलं नाही. डोनलने गज टेकवला, दोन-चार सूर काढले, बासरी त्यात शिरली, मग पेटी. एकच लहानशी चाल, ती संपते म्हणेस्तोवर पुन्हा सुरू. सगळ्यांचे बूट जमिनीवर ताल धरायला लागले. रत्नाकरला आधी वाटलं, सगळं एकसारखंच आहे. मग हळूहळू कळायला लागलं, की प्रत्येक फेरीत कुणीतरी थोडंसं वळण बदलतो आणि बाकीचे ते ऐकून हसतात. चांगली भजनी मंडळी असंच करतात. आणि डोनल, ज्याचा चेहरा त्याने तीन वर्षं फक्त आखडलेला पाहिला होता, तो माणूस डोळे मिटून, मान तिरकी करून, पोरीला झोपवावं तसा गज फिरवत होता. रत्नाकरला त्याचा राग धरून ठेवणं जड जाऊ लागलं.

पेटीवर नोराबाईची बोटं पळत होती. नवी पत्ती वाजली की रत्नाकरला कळे. ती बाकीच्यांपेक्षा किंचित टणक बोलत होती.

मग वाजवणं थांबलं आणि दोघींतली थोरली नर्स गायला लागली. साथ नाही, ताल नाही. भाषाही इंग्रजी नव्हती. ती डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून गात होती. गाता गाता तिने डावा हात बाजूला पसरला. शेजारी चित्रा होती. काय करायचं ते चित्राला कळेना. नोराबाईने खुणेने सांगितलं, धर. चित्राने हात धरला, पण सवयीने मनगटाशी, नाडीवर. गाणारीने तो हात हातात घेऊन सावकाश फिरवायला सुरुवात केली, जात्याच्या खुंट्यासारखा. चित्राने तिच्यासोबत फिरवला. गाणं संपलं तेव्हा चित्राचे गाल ओले होते. ती हळूच मराठीत रत्नाकरला म्हणाली, हिची नाडी किती जोरात चाललीय.

पुन्हा वाजवायला सुरुवात झाली. या वेळी चाल जोराची होती. मध्येच रत्नाकरची मान ताठ झाली. दिवसभर, रात्रभर त्या शेतावर इंजिनांची घरघर चाले. ती इतकी सवयीची की ऐकूच येत नसे. त्या घरघरीतून एक आवाज खाली घसरत होता. पश्चिमेकडचा. सात नंबर. घसरला, धापा टाकल्यासारखा झाला, पुन्हा वर आला, पुन्हा घसरला.

त्याने डोनलकडे पाहिलं. डोनलला ऐकू येत नव्हतं. फिडल कानाशी होतं. बाकी कुणालाच ऐकू येत नव्हतं. रत्नाकर क्षणभर तसाच बसला. आज त्याची सुट्टी होती. आज तो पाहुणा होता. उठलं तर सगळ्यांच्या मधून जावं लागणार होतं, आणि लोक म्हणणार, कोंबडी पळाली. त्याने चित्राच्या कानाशी सांगितलं, सात नंबर. तिने मान हलवली. तो वाकून, माफी मागितल्यासारखे हात पुढे धरून, गुडघ्यांच्या मधून वाट काढत बाहेर पडला.

बाहेर वहाब पिकअपमध्ये बसून शेंगदाणे खात होता. तो दापोलीकडचा, शेताचा ड्रायव्हर, हाइलच्या नर्सेसना परत सोडायला थांबलेला. रत्नाकरला पाहून त्याने काही न विचारता गाडी सुरू केली. विहिरीपर्यंत पोचले तोवर इंजिन बंद पडलं होतं. पिवट जागच्या जागी उभा, पाइपातून पाणी ठिबकत होतं. डिझेलच्या फिल्टरमध्ये रेतीचा गाळ बसला होता आणि नळीत हवा शिरली होती. रत्नाकरने शर्टाच्या बाह्या वर केल्या. फिल्टर काढला, धुतला, बसवला. पंपाचा नट सैल करून हाताने दट्ट्या मारत राहिला, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईतो. वहाबने टॉर्च आणली होती, पण ऊन अजून होतं, ती लागली नाही. तिसऱ्या हँडलला इंजिन धरलं. रत्नाकर दहा मिनिटं आवाज ऐकत उभा राहिला, मग निघाला. शर्ट गेला होता. हात कोपरापर्यंत काळे.

"आता त्या घरात कुठं जातोस असा," वहाब म्हणाला. "मी वहिनीला बाहेर बोलावतो."

बंगल्यापाशी आले तर आतून काहीच आवाज येत नव्हता. रत्नाकरला वाटलं, संपलं. वहाबने दार वाजवलं. दार पुन्हा डोनलनेच उघडलं आणि वहाबच्या खांद्यावरून रत्नाकरकडे पाहत म्हणाला, "ये. तुझ्यासाठी थांबलोय."

आत सगळे तसेच बसले होते. वाद्यं मांडीवर. पाऊण तास झाला होता. नोराबाईने शेवटचं वाजवायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तो येईपर्यंत. चित्राने बाकीच्यांना सांगितलं होतं, की तो कुठे गेलाय आणि त्याला ते कसं ऐकू आलं. रत्नाकर काळे हात अंगापासून दूर धरून दारातच उभा राहिला. डोनलने स्वयंपाकघरातून कपडा आणून दिला आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. मग सगळ्यांसमोर, खाली बघत, तो बोलला.

"त्या दिवशी ट्रकवाला ओरडत आला तेव्हा मी ऑफिसात होतो. जीप दाराशी होती. मी विहिरींकडे गेलो नाही. मी इथे आलो. नोराला घेऊन या टेबलाखाली चाळीस मिनिटं बसलो, मुखवटा घालून." त्याने रत्नाकरकडे पाहिलं. "तू एक इंजिन सोडून गेलास. मी तीस माणसं सोडून आलो. आणि हजेरीला तुला बोललो."

इतके दिवस रत्नाकरने मनात पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एकही इथे बसेना. तो फक्त म्हणाला, "फिल्टरमध्ये रेती होती, सर. आता चालतंय."

"ऐकू येतंय मला," डोनल म्हणाला.

नोराबाईने पेटी गुडघ्यावर घेतली. आधी तिने चित्राकडे वळून सांगितलं, की आमच्याकडे पूर्वी माणूस अमेरिकेला निघालं, की आदल्या रात्री सगळं गाव त्याच्या घरी जमायचं. नाचायचं, वाजवायचं, आणि पहाटे रडायचं. कारण गेलेला परत येत नसे. मेलेल्या माणसासाठी जागतात तसं जिवंत माणसासाठी जागायचे. माझ्या आजीच्या चार बहिणी अशा गेल्या. पण जाणाऱ्याला कुणी अडवलं नाही, आणि जाणाऱ्याने कधी पळालो असं मानलं नाही.

मग तिने एकटीने वाजवलं. संथ, मध्ये मध्ये श्वास घेतल्यासारखं थांबणारं. डोनलने फिडल उचललं नाही. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याची पाठ सगळ्यांना दिसत राहिली. लाल मानेवर इस्त्रीची कॉलर. रत्नाकर त्याच्या खुर्चीत बसला होता. त्याने कपड्यात गुंडाळलेले हात मांडीवर घट्ट धरले होते.

परत येताना सूर्य टेकला होता. दोघं पायीच आली. खोलीशी आल्यावर चित्राने किल्ली काढली, पण कुलपात घातली नाही.

"मी उद्या जाते," ती म्हणाली.

त्याला हेच हवं होतं. तरी तो तिच्या हातातल्या किल्लीकडेच बघत राहिला. "हो," तो म्हणाला.

"तुम्हाला सोडून चाललेय असं मनात आणू नका."

"नाही आणत."

तिने कुलूप उघडलं. पासपोर्ट डब्यावरून उचलून पुसला आणि पर्समध्ये ठेवला. मग कणीक भिजवायला घेतली, वाटेसाठी.

शनिवारी सहाला बस निघाली. काचांवर दव गोठलं होतं. बायका आत, पुरुष बाहेर. नोराबाईने खिडकीशेजारची जागा चित्राला दिली. रत्नाकरने बॅग वर चढवली, खाली उतरला, पुन्हा वर जाऊन पाण्याची बाटली देऊन आला. तिने त्याच्यासाठीच्या पोळ्या खोलीत कुठे ठेवल्यात ते सांगितलं. बस सुरू झाल्यावर त्याने इंजिनाकडे कान दिला. ठीक होतं. दोन्ही हात पॅंटच्या खिशात घालून तो उभा राहिला. पलीकडे डोनलही तसाच उभा होता. बस डांबरी रस्त्याला लागेपर्यंत दोघं बघत राहिले, मग आपापल्या कामाला लागले.

दिवसभर अकरा नंबरचं काम होतं. विहिरीतून शंभर फूट पाइप वर काढायचा, बेअरिंग बदलायचं, परत सोडायचं. दुपारी डोनल तिथे आला, कोट काढला आणि साखळी ओढायला लागला. मजूर एकमेकांकडे बघू लागले. संध्याकाळपर्यंत कामापलीकडचं कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी रत्नाकरला कुणी मागून हाकही मारली नाही.

साडेसातला ऑफिसात जेद्दाहून फोन आला. डोनलने रत्नाकरलाही बोलावून घेतलं होतं. त्याने रिसीव्हर कानाला लावला, "नोरा" म्हणाला, आणि पुढे काही बोलू शकला नाही. तिकडून ती बोलत होती, हा नुसता मान हलवत होता. फोनवर मान हललेली दिसत नाही हेही त्याच्या लक्षात येत नव्हतं. शेवटी त्याने रिसीव्हर रत्नाकरच्या हातात दिला आणि खुर्चीत बसून तोंड तळव्यांत झाकलं.

पलीकडे चित्रा आली होती. पोचलो म्हणाली, पहाटेचं विमान आहे. नोराबाई वाटभर तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "ती विचारतेय, साहेब बरे आहेत का? बोलत का नाहीत?"

रत्नाकरने डोनलकडे पाहिलं. बोटांच्या फटींतून पाणी झिरपत होतं.

"बरे आहेत म्हणून सांग," तो म्हणाला. "मी आहे इथं. आता आमच्या खोलीवर जेवायला नेतोय त्यांना."

हे त्याने ठरवलेलं नव्हतं, पण बोलून गेल्यावर तसंच केलं. डोनल मुकाट्याने मागोमाग आला आणि खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसला. रत्नाकरने दिवा लावला, डाळ शिजत घातली, तांदळाचा डबा उघडला. रोजच्या सवयीने त्याच्या हाताने दोन वाट्या तांदूळ काढले. काढल्यावर तो थबकला. मग एक वाटी परत टाकायला नको हे ध्यानात येऊन त्याने तसेच धुतले आणि भात शेगडीवर चढवला.